आठशेच्या पेट्रोलच्या नळ्या बदलून उन्हाळा, पावसाळा, थंडी सगळं काढलं. नळी चांगली, पण क्लिप बघून घ्या

गाडी १९९९ ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली. एक सप्लाय, एक रिटर्न (उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारी), एक वाफेची नळी आणि इंजिनावरच मेकॅनिकल पंप, बाकी काही भानगड नाही. एमपीएफआयवाल्यांनी, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल जाणाऱ्या गाड्यांच्या मालकांनी, वाचा पण असंच करायला जाऊ नका, तुमच्या लाइनीत इंजिन बंद केल्यावरही प्रेशर असतं, आधी पंपाचा फ्यूज काढून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालवायची आणि मगच लाइनीला हात लावायचा.

सुरुवात झाली वासावरून. सकाळी बोनेट उघडलं की पेट्रोलचा वास, आणि पंपाजवळच्या वाकणावर नळी ओलसर. इतक्या वर्षांचं रबर, तडकणारच, त्यात कुणाचा दोष नाही. राग आला तो गॅरेजवर. नेहमीच्या गॅरेजला गाडी दिली तर त्याने रबराच्या जागी बाइकला घालतात तसली पारदर्शक प्लास्टिक नळी घालून दिली आणि बिल मात्र फ्युएल होजचं लावलं. विचारलं तर म्हणे साहेब सगळ्या गाड्यांना हीच घालतो, पेट्रोल दिसतं तरी. अरे पण इंजिनच्या गरमीत आणि पेट्रोलमध्ये ते प्लास्टिक टिकतं का? त्यातला मऊपणा पेट्रोल ओढून घेतं, नळी पिवळी पडते, आक्रसते आणि काडीसारखी कडक होते, आणि झालं पण तसंच, उन्हाळा संपायच्या आत टोकाला चीर. एक्झॉस्ट तिथून किती लांब आहे ते आठशेवाल्यांना सांगायला नको. भांडून पैसे काही परत मिळाले नाहीत, मग ठरवलं की सगळ्या नळ्या स्वतः बदलायच्या.

साताऱ्यात मनासारखी नळी मिळेना, पुण्याला नाना पेठेत गेलो. तिथे मीटरवर मिळते पण काळी नळी म्हणजे फ्युएल नळी असं समजू नका, अंगावर काय छापलंय ते वाचा. एसएई जे ३० हे फ्युएल नळ्यांचं मानक, त्यात आर ६ किंवा आर ७ म्हणजे आतून साधं नायट्राइल रबर, कमी प्रेशरला चालणारं. आर ९ म्हणजे आतला थर फ्लोरो रबरचा. कार्ब्युरेटरच्या गाडीला आर ९ ची ताकद लागत नाही, दुकानदार पण तेच म्हणाला, आणि किंमत साध्या नळीच्या तिप्पट. पैसे देताना जीवावर आलं. तरी घेतली ती इथेनॉलसाठी. ई २०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, फेब्रुवारी २०२३ मध्ये पंपांवर यायला लागलं आणि २०२५ पर्यंत जिकडेतिकडे तेच झालं, आमच्या गाड्या त्याच्यासाठी बनलेल्याच नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयानेच सांगितलं की काही जुन्या गाड्यांचे रबरी पार्ट आणि गॅस्केट वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, स्वस्तातलं काम आहे. स्वस्त असेल हो, पण ते रबर पेट्रोलच्या लाइनीतलं आहे, गळलं की खाली गरम एक्झॉस्ट आहे, हे पण तितक्याच स्पष्ट सांगायला हवं होतं.

आणि एक, टाकीच्या आत बुडून राहणाऱ्या तुकड्याला आर ९ चालत नाही, तिची बाहेरची बाजू पेट्रोलात बुडून राहायला केलेली नसते. त्याला आर १० वेगळी मिळते.

आता काढायचं काम. टाकी रिकामी होत आली असताना करा, गाडी उघड्यावर लावा, बंद पार्किंगमध्ये अजिबात नको. इंजिन थंड, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली, टाकीचं झाकण एकदा उघडून आतली वाफ सोडलेली, आणि आग विझवायचा एबीसी पावडरचा छोटा सिलिंडर हाताशी. वायरचा बल्ब लावून काम करणारे बघितलेत मी, तसं करू नका, बॅटरीवाला एलईडी टॉर्च घ्या. सप्लाय आणि रिटर्न दिसायला सारख्याच, काढायच्या आधी चिकटपट्टी लावून नावं लिहा.

जुनी नळी लोखंडी पाइपाला चिकटून बसलेली असते. ती ओढू नका. ओढली की ती लांब होऊन अजून आवळते, आणि पकडीने हिसका दिला तर गंजलेला पाइपच वाकतो, मग टाकीपर्यंतचं काम निघतं. आधी बोटांनी गोल फिरवून सोडवायची, मग मागून पुढे ढकलायची. तरी नाही निघाली तर ब्लेडने लांबीत चीर द्यायची, पण पाते पाइपावर टेकवायचं नाही, तिथे ओरखडा पडला की नवी नळी कितीही आवळा, त्या रेषेतून पाझरणार. उघड्या तोंडात लगेच मापाचा बोल्ट घालायचा.

नवीन नळी नेटकी बसली, वाकणावर पिचकत नाही, रंग तसाच, वास शून्य. फिल्टर पण सोबत बदलला आणि पुढे परत बदलायला लागला, कारण इथेनॉल जुन्या टाकीतला साचलेला गाळ सोडवून आणतं, त्याची तयारी ठेवा.

आता क्लिप. गाडीवरच्या मूळच्या स्प्रिंगच्या क्लिपा मला पोरखेळ वाटल्या, म्हणून सगळीकडे स्क्रूच्या जुबली क्लिपा घातल्या. पट्ट्यावर आरपार खाचा असलेल्या घेतल्याच नाहीत, त्या खाचांत रबर घुसून कापलं जातं, गुळगुळीत आणि कडा वळवलेल्या घेतल्या. पावसाळाभर विचारेल त्याला हेच सांगत होतो की स्प्रिंगच्या फेकून द्या.

डिसेंबरच्या थंडीत मत बदललं. सकाळी परत वास, नळीला काही झालेलं नाही, पण पंपाजवळच्या क्लिपेखाली ओल. रबर गरम-थंड होऊन दबून बसतं, स्क्रूची क्लिप मात्र आवळली तेवढीच राहते, मधे फट पडते. आवळलं की वास गेला, थोड्या दिवसांनी परत तेच. शेवटी मापाची नवी स्प्रिंग क्लिप घातली, आणि तेव्हापासून तो जॉइंट कोरडा ठाक. रबर बसलं की स्प्रिंग पण त्याच्यामागे मिटते, लाइनीला कमी प्रेशर असेल तर यापेक्षा चांगलं काही नाही. एक क्लिप चहाच्या पैशात मिळते आणि लोक हजारोंची नळी घालून तिच्यावर कसलीही गंजकी जुबली आवळतात. हे बघून मला खरंच वाईट वाटतं. क्लिप नळीच्या बाहेरच्या मापाची घ्या, आतल्या नाही, आणि टोकापासून थोडी आत, पाइपाच्या उंचवट्याच्या मागे बसवा. उंचवट्यावरच बसवली तर घसरते.

एमपीएफआयला स्प्रिंगची नको, तिथे बोल्टवाली गोल फ्युएल इंजेक्शन क्लिप, आणि मूळ क्विक कनेक्टर (खटकन बसणारा कंपनीचा जोड) असेल तर तो कापून नळी जोडायचा उद्योग करूच नका.

खंबाटकी घाट चढून आलं की लगेच बोनेट उघडून सगळे जॉइंट हात लावून बघतो, आता कुठेच ओल नाही. टाकीवरची रिटर्नची नळी तेवढी जुनीच राहिलीय, ती टाकी उतरवल्याशिवाय निघत नाही. टाकीचे बोल्ट गंजलेत, त्यांच्यावर रोज तेल सोडतोय, सुटले की तिथेही आर ९ आणि स्प्रिंगचीच क्लिप.