यझिदी समाजावरील विषयपेटी : आमच्या गावच्या वाचनालयाच्या सेवेविषयी अभिप्राय

मोर्शी तालुक्यातील आमच्या गावचे सार्वजनिक वाचनालय अधूनमधून एखाद्या विषयाची पेटी तयार करते आणि दहा रुपये घेऊन ती आठ दिवसांसाठी घरी देते. पत्र्याच्या त्या पेटीत नकाशा, छायाचित्रे, वर्तमानपत्रांची कात्रणे आणि ग्रंथपालांनी स्वतः मराठीत लिहिलेली एक टिपणवही असते. मार्गशीर्षात आंबियाच्या संत्र्याची तोड चालू असताना मी यझिदी समाजावरची पेटी आणली, आणि ती आणण्याचे कारण मोबाईलवर आलेला एक संदेश होता. इराकमधील यझिदी लोक मोराला पूजतात, त्यांच्याकडे समईसारखी वस्तू असते, म्हणजे ते मूळचे हिंदूच, असे त्यात लिहिले होते आणि मी तो खरा मानून चार जणांना पुढे पाठविला होता.

टिपणवही पहिल्याच पानावर हा समज दूर करते. यझिदी प्रामुख्याने कुर्दी भाषेची कुर्मांजी बोली बोलतात आणि उत्तर इराकमधील शेखान व सिंजार हे त्यांचे मुख्य प्रदेश आहेत. एकाच ईश्वराने जग निर्माण करून ते सात देवदूतांच्या हाती सोपविले आणि त्यांचा प्रमुख तावूसी मेलेक, म्हणजे मोररूपी देवदूत, अशी त्यांची श्रद्धा आहे. शेजारच्या धर्मीयांनी याच देवदूताला सैतान ठरवून त्यांना सैतानपूजक म्हटले आणि शतकानुशतके त्यांच्यावर हल्ले केले. समईसारखी दिसणारी वस्तू म्हणजे संजक, धातूचे मोरचिन्ह, जे घेऊन कव्वाल, म्हणजे यझिदींचे स्तोत्रगायक, गावोगाव फिरत व स्तोत्रे म्हणत.

ही स्तोत्रे लिहून न ठेवता मुखोद्गत परंपरेने जपली गेली. विसाव्या शतकाच्या आरंभी यझिदींचे धर्मग्रंथ म्हणून दोन पुस्तके प्रसिद्ध झाली, परंतु ती मूळ यझिदी ग्रंथ नाहीत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. महानुभाव पंथाचे तीर्थक्षेत्र रिद्धपूर आमच्या तालुक्यातच असल्यामुळे हा भाग मला विशेष जवळचा वाटला, कारण महानुभावांनीही आपले ग्रंथ शतकानुशतके सांकेतिक लिपीत राखले आणि त्यांच्याविषयीही बाहेरच्यांनी नाही नाही ते समज करून घेतले. मात्र हे साम्य म्हणजे नाते नव्हे, आणि वहीनेही असे कोणतेही नाते जोडलेले नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

पेटीतील सर्वांत उत्तम भाग छायाचित्रांचा आहे. यझिदींचे सर्वांत पवित्र स्थान असलेल्या लालिशच्या दरीत, जिथे 1162 च्या सुमारास निधन पावलेल्या ‘शेख आदी’ नावाच्या संतांची समाधी आहे, तिथले कंगोरेदार निमुळते कळस, दारालगत भिंतीवर कोरलेला काळा नाग आणि उंबरठ्याला पाय न लावता अनवाणी आत जाणारी एक वृद्धा, असे एक छायाचित्र माझ्या आईने चष्मा लावून बराच वेळ पाहिले. दुसऱ्यात एप्रिलमधील लाल बुधवारचा सण आहे. रंगविलेल्या अंड्यांची टरफले आणि तांबडी रानफुले एक बाई ओल्या मातीने दारावर चिकटवीत आहे, आणि तिचा हात मनगटापर्यंत मातीने माखलेला आहे. हा समाज केवळ बातम्यांतील बळी नसून सण, उपवास आणि रीतिरिवाज सांभाळणारा आहे, हे त्या हाताकडे पाहून कळते.

2014 चा भाग वहीत मोजक्या शब्दांत आहे. 3 ऑगस्टला इस्लामिक स्टेट या दहशतवादी संघटनेने सिंजारवर हल्ला केला, हजारो लोक भर उन्हाळ्यात पाण्याविना डोंगरावर अडकले, पुरुषांना ठार मारण्यात आले आणि सहा हजारांहून अधिक स्त्रिया व मुलांना पळवून नेण्यात आले. कोचो गावची नादिया मुराद त्यांपैकीच एक होती; तिला 2018 चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

इथे माझी एक तक्रार आहे. सुटून आलेल्या स्त्रियांना त्या काळच्या बाबा शेखांनी, म्हणजे यझिदींच्या धर्मप्रमुखांनी, सन्मानाने परत घेतले, ही मोठी गोष्ट वहीत आहे. परंतु आईवडील दोघेही यझिदी असतील तरच मूल यझिदी मानले जाते, या नियमामुळे बलात्कारातून जन्मलेल्या मुलांना समाजात जागा मिळाली नाही आणि 2019 मध्ये यझिदींच्या धर्मपरिषदेने सुटून आलेल्यांना परत घेण्याच्या आपल्या निर्णयात ही मुले येत नाहीत असे स्पष्ट केले, हे मात्र वहीत नाही. शेख व पीर हे धर्मगुरूंचे आणि मुरीद हा सामान्य अनुयायांचा, अशा तीन जन्मजात वर्गांचे आपापसांत विवाह होत नाहीत, हेही एका ओळीत उरकले आहे. ज्या समाजाविषयी आदर आहे, त्याच्या घरातील अवघड प्रश्नही वाचकापुढे यायला हवेत. नकाशाची छायाप्रत इतकी फिकट आहे की सिंजार शोधण्यासाठी मला तो उन्हात धरावा लागला.

पेटी परत करताना मी हे ग्रंथपालांना सांगितले. त्यांनी मुलांविषयीचे टिपण स्वतः लिहून वहीत जोडण्याचे मान्य केले आणि नकाशाची नवी प्रत त्याच आठवड्यात पेटीत ठेवली. ज्या चौघांना मी तो संदेश पाठविला होता, त्यांपैकी दोघांनी पेटीसाठी नाव नोंदविले आहे.