आफ्ट म्हणजे मागे, पण तोंड कुठे?

माझ्या नवऱ्याने ३४ वर्षं मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये टॅली क्लार्क म्हणून काढली. इंदिरा डॉकवर उतरणारा माल मोजायचा, वहीत मांडायचा आणि जहाज लॉकगेटमधून बाहेर पडलं की त्याची पाठ बघत उभं राहायचं. इतकी जहाजं बघितली, पण एकाही जहाजात बसले नव्हते. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी लाँच ते जहाजात धरत नाहीत. लग्नाला ४० वर्षं झाली म्हणून लेकीने क्रूझचा विषय काढला, तेव्हा ह्यांनी एकच अट घातली: खोली जहाजाच्या पिछाडीला हवी, पाठमोरी. पाण्यावर मागे उमटत जाणारा पांढरा पट्टा आणि लांब जाणारा धक्का, दोन्ही गॅलरीत बसून बघायचे होते.

या हट्टापायी आमचे ४९,७०० रुपये गेले. काही परत आले, पण ते नंतर सांगते.

एजंट डोंबिवलीतलाच, लेकीच्या मैत्रिणीने सुचवलेला. मुलगा तिशीतला, गोड बोलायचा. पहिल्याच दिवशी आमचे काका-काकू करून टाकले, चहा मागवला, भिंतीवरचे फोटो दाखवले. सिंगापूरहून निघून पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर, ४ रात्री. विमान आणि जीएसटी धरून साध्या बाल्कनीचे दोघांचे १,९६,०००. पाठमोरी हवी तर माणशी १९,००० वर. "काकू, मागच्या खोल्या मोजक्या असतात. आज पैसे आले तर आज ब्लॉक करतो."

मोजक्या असतात हे खरंच आहे. जहाजाच्या दोन्ही कुशींना मैलभर गॅलऱ्या असतात, पिछाडीची रुंदी ती केवढी. आम्ही गेलो त्या जहाजावर एका मजल्याला आठच पाठमोऱ्या खोल्या होत्या. म्हणून त्यांना भाव असतो आणि त्या लवकर जातात. फसवणारा माणूस नव्वद टक्के खरं बोलतो, म्हणून तर त्याचं पटतं.

त्याने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. पायऱ्यापायऱ्यांसारखी उतरत गेलेली पिछाडी, प्रशस्त गॅलरी, दोन आरामखुर्च्या आणि मागे निळ्या पाण्यावर दुधाची धार. मी विचारलं, "मागे तोंड असलेलीच ना?" उत्तरादाखल अंगठा आला. पिवळा, वर केलेला. या अंगठ्याची गोष्ट अजून संपलेली नाही.

२,३४,००० आणि त्यावर टीसीएस नावाच्या कराचे म्हणून ११,७०० असे पैसे आम्ही दोन हप्त्यांत दिले. पहिला हप्ता यूपीआयने, तोही फर्मच्या नाही, त्याच्या स्वतःच्या खात्यात. "फर्मचं खातं बदलतोय काकू, दोन दिवसांचा प्रश्न आहे." दुसरा रोख. हे लिहिताना मला माझीच लाज वाटते आहे. पण पन्नाशी-साठीतल्या ज्या कुणाला हे वाचून "आम्ही नसतो बाई असे दिले" असं वाटेल, त्यांनी आपल्या शेवटच्या सहलीचे पैसे कुणाच्या खात्यात गेले ते एकदा उघडून बघावं.

कागद मिळाला त्यावर लिहिलं होतं: 'बाल्कनी, आफ्ट, गॅरंटी'. खोली क्रमांकाच्या जागी रेघ. मी विचारलं तर म्हणाला, "नंबर नंतर पडतो, पण गॅरंटी लिहिलंय बघा." मी बघितलं. समाधान झालं. मी ३१ वर्षं शाळेत मराठी व्याकरण शिकवलं आहे, विशेषण कशाला लागतं हे मुलांकडून घोकून घेतलं आहे. तरी या तीन शब्दांनी मला चारी मुंड्या चीत केलं.

आता ते शब्द. 'आफ्ट' म्हणजे जहाजाचा मागचा भाग. पण खोली मागच्या भागात असणं वेगळं आणि तिचं तोंड मागे असणं वेगळं. डाव्या किंवा उजव्या कुशीला, अगदी शेवटाकडे असलेली खोलीसुद्धा आफ्टच. तिच्यातून दिसतो तो बाजूचा समुद्र, जो पुढच्या खोलीतूनही तसाच दिसतो. हवी ती खोली मिळवायची तर 'आफ्ट फेसिंग' हे दोन्ही शब्द कागदावर हवेत, आणि त्याहून महत्त्वाचा खोलीचा क्रमांक हवा.

'गॅरंटी' तर कहर आहे. आपल्याकडे गॅरंटी म्हणजे पक्कं. क्रूझवाल्यांच्या भाषेत गॅरंटी म्हणजे तुम्ही फक्त प्रकार निवडायचा: आतली खोली, खिडकीवाली किंवा बाल्कनीवाली. तुमच्या प्रकारापेक्षा खालची खोली देणार नाही, एवढीच हमी. कुठली द्यायची ते कंपनी ठरवणार, कधीकधी निघायच्या चार दिवस आधी. खोली निवडायचा हक्क सोडल्याबद्दल हे तिकीट सहसा स्वस्त मिळतं. म्हणजे त्याने आमच्याकडून निवडीचे जादा पैसे घेतले आणि निवड नसलेलं स्वस्त तिकीट काढलं. दोन्हीकडून मलई.

सिंगापूरला मरीना बे क्रूझ सेंटरकडे जाताना टॅक्सीतून जहाज दिसलं. मी उंची बघत होते, हे पिछाडी बघत होते. म्हणाले, "फोटो या जहाजाचा नाही. याची पाठ सरळ आहे, भिंतीसारखी. फोटोतली उतरती होती." मी म्हटलं, आता शुभ बोला. डॉकवरच्या माणसाची नजर, पण मी ऐकलं नाही.

खोलीचा क्रमांक चेक-इनला कळला. नववा मजला. लिफ्टमधून उतरून चालत राहिलो ते चालतच राहिलो, फडके रोड एकदा पार केल्यासारखं. ह्यांच्या गुडघ्याला पट्टा होता, पण पाय भराभर पडत होते, कारण आपण मागे मागे जातो आहोत हे कळत होतं. शेवटची खोली दिसायला लागली आणि आमचा क्रमांक तिच्या पाच दारं अलीकडे, उजव्या हाताला आला. दार उघडलं. गॅलरी होती, खुर्च्या होत्या, समोर समुद्र होता. बाजूचा. हे कठड्याला टेकले, मान पार वळवली आणि म्हणाले, "थोडा फेस दिसतो."

मी रिसेप्शनला गेले. तिथली मुलगी नम्र होती. तिने संगणकात बघून सांगितलं की बुकिंग 'बाल्कनी गॅरंटी' आहे, त्यात पाठमोऱ्या खोलीचा उल्लेख नाही, जहाज पूर्ण भरलं आहे. पैशांचं विचारलं तर म्हणाली, तुमचं बुकिंग एजन्सीमार्फत आहे, हिशोब त्यांच्याशीच. तिचं चुकलं असं मला वाटत नाही. कंपनीला जेवढे पैसे पोचले तेवढी खोली त्यांनी दिली.

पेनांगला उतरून एजंटला फोन लावला. तो म्हणाला, "काकू, आफ्टच आहे ना? प्लॅन बघा, शेवटून सहावी!" आवाजात इतका प्रामाणिकपणा की क्षणभर मलाच वाटलं, आपण उगाच भांडतोय.

गंमत म्हणजे पिछाडीचे तोटे मात्र सगळे आमच्या वाट्याला आले. हे पाठमोरी खोली मिळणाऱ्यांनीही आधी ऐकून ठेवावं. जहाजाचे पंखे पिछाडीच्या खालीच असतात. भर समुद्रात फारसं जाणवत नाही, पण बंदरात जहाज वळवताना, धक्क्याला लावताना पलंग थरथरतो. तेही पहाटे, कारण बहुतेक जहाजं सकाळी बंदरात लागतात. वर रेस्टॉरंट असेल तर खुर्च्या ओढल्याचे आवाज. वारा फिरला तर धुराड्याची काजळी गॅलरीत. उतरती पिछाडी असेल तर वरच्या मजल्यावरच्यांना तुमची गॅलरी ताटासारखी दिसते. एवढं सोसायचं ते त्या पांढऱ्या पट्ट्यासाठी, आणि तोच नाही.

तो पट्टा ह्यांना फुकट मिळाला. बुफेच्या मागे, पिछाडीला उघडा डेक होता, सगळ्यांसाठी. बऱ्याच जहाजांवर अशी जागा असते. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला जाग आली तर हे शेजारी नाहीत. वर जाऊन बघते तर कागदी कपात चहा घेऊन कठड्याशी उभे. खोलीवर रागावले नव्हतेच ते. डाव्या कुशीची गॅलरीही त्यांनी वसूल केली. मलाक्काच्या सामुद्रधुनीतून वर जाताना समोरून येणारी जहाजं आमच्याच बाजूने जात होती, आणि हे रात्री दिवे बघून सांगत होते, हा टँकर, हा कंटेनरवाला. पैशांचं दुःख माझं एकटीचं.

खरी चीड पुढे आली. जुलैत रिटर्न भरताना आमच्या सीएंना मी टीसीएसचं सांगितलं. परदेशी सहलीच्या पॅकेजवर एजंटने हा कर गोळा करायचा असतो, आमच्या वेळी ५ टक्के. तो आपल्या पॅनवर जमा होतो, कराच्या नोंदीत, म्हणजे आमच्या वेळच्या फॉर्म २६एएसमध्ये, दिसतो आणि रिटर्नमध्ये वळता करून घेता येतो. आमच्या २६एएसमध्ये काहीच नव्हतं. त्यांनी बिलावरचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकला, तर नोंदणी रद्द झालेली. दोन मिनिटांचं काम, कुणालाही करता येतं. आम्ही आठ महिन्यांनी केलं.

मग क्रूझ कंपनीची वेबसाइट मी प्रथमच नीट उघडली. प्रत्येक मजल्याचा नकाशा तिथे आहे. पिछाडीच्या खोल्या शेवटच्या कडेला आडव्या ओळीत दिसतात, कुशीतल्यांहून वेगळ्या, आणि वर-खाली काय आहे तेही कळतं. बुकिंग क्रमांक आणि आडनाव टाकलं की आपल्या नावावर नेमकं काय आहे ते दिसतं. पहिला हप्ता दिल्यावर त्याच संध्याकाळी हे बघितलं असतं, तर 'गॅरंटी' शब्द तिथेही दिसला असता आणि रद्द करायला वेळ होता. एजंट बुकिंग क्रमांक द्यायला टाळाटाळ करत असेल, तर दुसरा हप्ता देऊ नका.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. एजंटने उत्तर दिलं की ग्राहकाला आफ्ट खोली मिळाली आहे, सोबत नकाशा. टीसीएसबद्दल मात्र सीएंचं पत्र गेल्यावर ११,७०० रुपये चार दिवसांत खात्यात आले, एका शब्दाशिवाय. उरले ३८,०००. त्यासाठी ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार टाकली आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, घटनेपासून २ वर्षांची मुदत असते. पुरावा म्हणून फोटो, माझा प्रश्न आणि तो पिवळा अंगठा जोडला आहे. अंगठा म्हणजे 'हो', हे आता मला सिद्ध करायचं आहे.

हे सगळं लिहायला बसले त्याला कारण आमच्या खालच्या मजल्यावरच्या देशपांडे वहिनी. मागच्या आठवड्यात हातात कागद घेऊन आल्या, मुलाच्या लग्नाआधी दोघं क्रूझला जाताहेत. एजंट दुसरा, फोटो मात्र मला ओळखीचा वाटला. मी चष्मा लावला आणि खोली क्रमांकाच्या जागी बोट ठेवलं. तिथे रेघ होती.

"अहो पण वहिनी," त्या म्हणाल्या, "खाली गॅरंटी लिहिलंय की."