बॉनेटला हात लावला तेव्हा ते गरम होतं

जुनी डिझेल एसयूव्ही बघायला पोहोचलो तेव्हा गाडी आधीच चालू होती. "आत्ताच बाहेर काढून ठेवली तुमच्यासाठी," विकणारा म्हणाला. बॉनेट गरम लागत होतं आणि मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. माझी फसवणूक तिथेच सुरू झाली होती. झिजलेलं इंजिन खरं बोलतं ते थंड असताना, रात्रभर उभं राहून पहिल्यांदा सुरू होताना. तो क्षण त्यानं मला बघूच दिला नाही.

गाडी दिसायला देखणी. इंजिन तर धुऊन चकचकीत केलेलं, त्यामुळे ऑइल कुठून पाझरतंय हे कळायला मार्गच नव्हता. मी ऑइलची पातळी मोजायची डिपस्टिक ओढली, फडक्यावर पुसली, पुन्हा बुडवून बघितली. ऑइल मधासारखं पिवळं! म्हटलं, माणूस गाडी जपणारा आहे. खरं तर डिझेल इंजिनात नवं ऑइल काजळीमुळे फार लवकर काळं पडतं. पिवळं दिसतंय म्हणजे ते नुकतंच बदललंय, एवढाच त्याचा अर्थ. त्यातही जाड ग्रेडचं ऑइल किंवा धूर दाबणारं ॲडिटिव्ह ओतलं, की खडखड आणि निळा धूर काही दिवस दबून राहतो. हे मला मेकॅनिकनं सांगितलं, पण पैसे देऊन झाल्यावर.

चढावर पिकअप अडखळला, ते मात्र मला तेव्हाच खटकलं होतं. "डिझेल फिल्टर बदलायचा राहिलाय, किरकोळ काम आहे." मेकॅनिकला दाखवतो म्हटलं, तर "दाखवा की, पण संध्याकाळी दुसरी पार्टी टोकन घेऊन येतेय." मी घाबरून लगेच टोकन दिलं. दुसरी पार्टी खरंच होती का, देव जाणे.

दोन आठवड्यांत सकाळी निळा धूर दिसू लागला. डिपस्टिकवर ऑइल खालच्या खुणेपर्यंत आलेलं, आणि जमिनीवर गळतीचा एक थेंब नाही. म्हणजे इंजिन ऑइल जाळत होतं. मेकॅनिकनं चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उघडलं आणि तिथून धुराचे जोरदार भपके येऊ लागले. थोडी वाफ चांगल्या इंजिनातूनही येते, पण हे वेगळंच होतं. "बॅक कॉम्प्रेशन मारतंय, रिंगा गेल्यात." म्हणजे पिस्टनवरच्या रिंगा झिजून सिलिंडरमधला वायू खाली निसटत होता. कॉम्प्रेशन टेस्ट केली, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजलं, तर चारांपैकी दोन सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बरेच खाली.

मग त्यानं गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचणारा स्कॅनर लावला. फॉल्ट कोड, म्हणजे बिघाडाच्या नोंदी, पुसल्यानंतर गाडी किती किलोमीटर चालली हे बऱ्याच गाड्यांच्या कंट्रोल युनिटमध्ये नोंदलेलं असतं, हे मला माहीतच नव्हतं. त्या आकड्यातून मी चालवलेले किलोमीटर वजा केले. उरले फक्त १८. मला दाखवायच्या आधी १८ किलोमीटरवर कुणीतरी स्कॅनर लावून कोड पुसले होते. विकणाऱ्याला सगळं माहीत होतं.

म्हणून कळकळीनं सांगतो, जुनी गाडी बघायला जाताना आदल्या दिवशीच बजावून ठेवा, "मी येईपर्यंत सुरू करू नका." पोहोचलात की आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा. गाडी सुरू होताना एकानं मागे सायलेन्सरपाशी उभं राहावं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल आणि कुलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिन ब्लॉक आणि हेडमधल्या सीलचा, संशय घ्या. कॉम्प्रेशन टेस्ट आणि स्कॅनिंगचा खर्च तुम्ही करा, पण मेकॅनिक तुमचाच हवा. विकणारा नाही म्हणाला तर तिथून निघा. गाडी कितीही आवडलेली असो, निघा.

मी त्याला फोन केला होता. "विकली तेव्हा चालू होती ना?" एवढंच म्हणाला आणि ठेवला. इंजिन आता खाली उतरवलंय. बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीत, बोट फिरवलं की वरच्या कडेला झिजेची पायरी नखाला अडकते.