तानपुऱ्यावरचा पिझो माईक: कोल्हापुरातील एका मैफलीनंतर

तानपुरा, व्हायोलिन आणि लॅपटॉप यांच्या साथीने अखंड नादाचे, म्हणजे ‘ड्रोन’ पद्धतीचे संगीत रंगमंचावर मांडू पाहणाऱ्यांनी पिझो चकतीचा, म्हणजे थरथरीचे विजेच्या संकेतात रूपांतर करणाऱ्या पातळ चकतीचा, वाद्याला चिकटवायचा साधा काँटॅक्ट माईक जरूर घ्यावा. मात्र केवळ त्याच्या भरवशावर मैफलीला बसू नये. कोल्हापुरात मिरजेचे दोन तानपुरे घेऊन केलेल्या ४५ मिनिटांच्या प्रयोगानंतर माझे हे मत पक्के झाले आहे.

हा माईक हवेतला आवाज न घेता लाकडाची थरथर टिपतो. त्यामुळे स्पीकर जवळ असूनही स्पीकरचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरून शिटी वाजण्याचा (फीडबॅकचा) त्रास खूपच कमी झाला. सुरुवातीला मी तो घोडीला, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीला, खेटून लावला होता, तेव्हा तार छेडल्याचा ठोका मोठा आणि खर्ज अगदी रोडका येत असे. तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, थोडा दूर सरकवल्यावर मात्र खर्ज भरून आला. दोन्ही तानपुऱ्यांच्या जोडीच्या, म्हणजे षड्जात लावलेल्या मधल्या दोन, तारांमध्ये आम्ही मुद्दाम साधारण १ हर्ट्झचे अंतर ठेवले होते. त्यातून सेकंदाला एक असा जो संथ हेलकावा उठतो, तो या माईकने इतका स्वच्छ पकडला की, त्याखाली लॅपटॉपमधून सोडलेला मंद्र षड्ज (खालच्या सप्तकातला सा) त्याच लयीत श्वास घेतो आहे असे वाटले.

पण जवारीचा, म्हणजे घोडीच्या किंचित वळणदार पृष्ठभागावर तार घासून उठणारा, खरा झंकार, जो भोपळ्यातून निघून खोलीभर पसरतो, तो यात येत नाही. त्यासाठी समोर हवेतला माईक लावून दोन्ही आवाज मिसळावेच लागले. शिवाय पिझोची वायर थेट मिक्सरच्या माईकच्या जागी जोडल्यास खालचे स्वर गळून जातात. किमान १० लाख ओहम इनपुट इम्पिडन्सचा (विद्युत रोधाचा) प्रीअँप, म्हणजे मिक्सरआधी संकेत वाढवणारे छोटे यंत्र, मध्ये हवाच. चकतीसोबत आलेल्या चिकटपट्टीने तबलीवरचे पॉलिश उचलले, याचे मला फार वाईट वाटले.

असा प्रयोग या गावाला परका आहे, असे मला वाटत नाही. किराणा घराण्याचे अब्दुल वहीद खाँ लहानपणी कोल्हापुरात शिकले. त्यांचे शिष्य पंडित प्राणनाथ १९७० मध्ये अमेरिकेत गेले आणि तिथल्या ड्रोन संगीताचे अध्वर्यू ला माँट यंग त्यांच्यापाशी गाणे शिकले. हा प्रयोग मी पुढेही करणार आहे; फक्त जवारीचा झंकार हरवू नये म्हणून पुढच्या मैफलीत तानपुऱ्याचा हवेतल्या माईकचा आवाज मोठा आणि पिझोचा लहान, असे प्रमाण ठेवण्याचे मी ठरवले आहे.