जुनी मिडसाइज गाडी: पेट्रोल की डिझेल, हिशोब लिटरमध्ये

आठ-दहा वर्षं वापरलेली, दीड ते दोन लिटर इंजिनाची मिडसाइज गाडी घ्यायची ठरली की बहुतेक वेळा एकाच मॉडेलच्या दोन गाड्या समोर येतात. एक पेट्रोल, एक डिझेल, दोन्ही लाख किलोमीटरच्या पुढे गेलेल्या. डिझेलचं ॲव्हरेज ऐकलं की निर्णय झाल्यासारखाच वाटतो. मी अशा दोघींतली पेट्रोल निवडली, तेव्हा माझा कल कुठे आहे ते आधीच सांगून ठेवतो. पण डिझेल ज्याला खरोखर परवडते असा माणूसही असतो, आणि आपण त्यातले आहोत का हे कागदावर दहा मिनिटांत कळतं.

हिशोब पैशांत न करता लिटरमध्ये करावा, म्हणजे भाव बदलला तरी तो शिळा होत नाही. समजा पेट्रोल गाडी शहर आणि हायवे मिळून १३ चं ॲव्हरेज देते आणि डिझेल १८ चं. १०,००० किलोमीटरला पेट्रोल लागेल ७६९ लिटर, डिझेल ५५६ लिटर. वर्षाला एवढंच फिरणाऱ्याची बचत झाली २१३ लिटर. डिझेल लिटरमागे स्वस्त असेल तर ती वाढेल, महाग असेल तर घटेल. आता गॅरेजमधून मिळालेल्या एस्टिमेटला लिटरच्या भावाने भागा. समजा टर्बोचं, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचं, काम ६०० लिटरचं निघालं, तर जवळजवळ तीन वर्षांची बचत एका बिलात गेली. यात फक्त डिझेललाच निघणारी कामं धरायची. ब्रेक, सस्पेन्शन, एसी यांचा खर्च दोन्हींना जवळपास सारखाच येतो, त्यावर डोकं चालवण्यात अर्थ नाही.

डिझेलला हा फायदा कुठून मिळतो ते लक्षात घेतलं, तर तो आपल्याला कितपत मिळेल याचा अंदाज येतो. एका लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण १० ते १५ टक्के जास्त ऊर्जा असते. हा भाग कुठेही चाललात तरी मिळतो. दुसरा भाग इंजिनाच्या रचनेतून येतो. कॉम्प्रेशन जास्त असतं आणि हवा अडवणारा थ्रॉटल वापरून वेग कमी-जास्त करावा लागत नाही. त्यामुळे हळू चालताना, सिग्नलला उभं असताना डिझेल इंजिन फारच कमी पितं. हायवेवर एकसारख्या वेगात पेट्रोलचा थ्रॉटल बराच उघडलेला असतो आणि दोघांमधलं अंतर कमी होतं. म्हणजे ॲव्हरेजमधला सगळ्यात मोठा फरक शहरातल्या रहदारीत दिसतो, आणि गंमत अशी की जुन्या डिझेलचं शहरातच सगळ्यात जास्त नुकसान होतं. त्याकडे लगेच येतो.

त्याआधी वयाने ॲव्हरेज का घसरतं, तेवढं. पेट्रोल गाडीत पहिला संशय थर्मोस्टॅटवर, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेवर घ्यावा. तो उघडा अडकला की कूलंट पूर्ण तापत नाही, ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, इंजिन थंड समजून जास्त पेट्रोल सोडत राहतो, आणि डॅशबोर्डवर बऱ्याचदा एकही दिवा लागत नाही. ओबीडी सॉकेटला (गाडीतला तपासणीचा प्लग) साधा स्कॅनर लावून हायवेवर कूलंटचं तापमान पाहा. ८५ ते ९५ अंशांच्या आसपास ते टिकायला हवं. वेग वाढला की ७० पर्यंत उतरत असेल, तर थर्मोस्टॅट बदलायचा. हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. त्याच स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम पाहून घ्या, म्हणजे ईसीयू ठरलेल्या प्रमाणापेक्षा किती टक्के कमी-जास्त पेट्रोल सोडतोय तो आकडा. तो अधिक १० टक्क्यांच्या वर असेल तर कुठेतरी हवा गळतेय किंवा पेट्रोलचं प्रेशर कमी पडतंय. उणे १० च्या खाली असेल तर इंजेक्टर टपकतोय किंवा एखादा सेन्सर चुकीचं सांगतोय. जुना ऑक्सिजन सेन्सर आळसावतो, तेव्हाही ॲव्हरेज हळूहळू पडतं.

दुसरं कारण इंजिनाबाहेरचं असतं आणि दोन्ही गाड्यांना लागू पडतं. कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कवर ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या, पिना सुकून ब्रेक किंचित धरून राहतो. ब्रेक फारसा न वापरता दहा-पंधरा किलोमीटर चालवून थांबा आणि चारही रिम्सजवळ हात न्या, डिस्कला मात्र लावू नका. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागलं तर तिथेच इंधन जळतंय. टायरमधली हवा १ पीएसआयने कमी झाली की इंधन साधारण ०.२ टक्के जास्त लागतं. ८ पीएसआय कमी असलेली गाडी तेवढ्याने दीड टक्का खाते. एअर फिल्टरचं मात्र लोक उगाच मनावर घेतात. इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाडीत मळलेल्या फिल्टरने पिकअप कमी होतो, ॲव्हरेजवर फारसा परिणाम होत नाही. डिझेलमध्ये फिल्टर फारच तुंबला तर धूर वाढतो आणि मग काजळी, म्हणून तिथे तो वेळेवर बदलावा.

आता ज्या एका गोष्टीमुळे मी डिझेल सोडली, ती. डीपीएफ, म्हणजे एक्झॉस्टमधला काजळी धरणारा फिल्टर.

हा फिल्टर भरत आला की गाडी तो स्वतः जाळून साफ करते. त्यासाठी इंजिन तापलेलं हवं आणि गाडी पंधरा-वीस मिनिटं बऱ्यापैकी वेगात चालत राहायला हवी. ईसीयू पॉवर स्ट्रोक झाल्यानंतर थोडं जादा डिझेल सोडतो, ते फिल्टरच्या आधी असलेल्या कॅटॅलिस्टमध्ये जळतं आणि फिल्टरमधलं तापमान ६०० अंशांच्या आसपास जातं. काजळी जळते, फिल्टर मोकळा. निरोगी गाडीत हे काहीशे किलोमीटरमधून एकदा होतं आणि चालवणाऱ्याला कळतही नाही.

रोजचं अंतर सहा-सात किलोमीटर असलं की सगळं बिघडतं. इंजिन तापेपर्यंत घर येतं. सफाई सुरू होते आणि अर्ध्यात किल्ली फिरवली जाते. अशा वेळी खुणा ठरलेल्या असतात: उभ्या गाडीत आरपीएम नेहमीपेक्षा शंभर-दोनशेने वर राहतो, डॅशबोर्डवरचं चालू ॲव्हरेज एकदम पडतं, बंद केल्यावरही रेडिएटरचा फॅन जोरात फिरत राहतो आणि गाडीखालून तापलेल्या धातूचा वास येतो. अर्धवट राहिलेली सफाई पुढच्या फेरीत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मग काहीशे किलोमीटरांऐवजी ती शंभर-दीडशेवर येऊ लागते, आणि दर वेळी जादा डिझेल जळतं. शहरात मिळणारा डिझेलचा फायदा इथेच बराचसा संपतो.

त्याहून वाईट गोष्ट ऑइलमध्ये घडते. बऱ्याच गाड्यांत हे जादा डिझेल सिलिंडरमध्येच सोडलेलं असतं. त्यातलं थोडं भिंतींवरून ओघळून खाली संपमध्ये, म्हणजे ऑइलच्या टाकीत, उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढताना दिसली, तर ते हेच. पातळ झालेल्या ऑइलवर सगळ्यात आधी टर्बोची बेअरिंग घासते. उपाय म्हणजे १५,००० किलोमीटरची वाट न पाहता ७,००० ते ८,००० वरच ऑइल बदलणं, आणि ते लो-ॲश, म्हणजे जळल्यावर कमी राख सोडणाऱ्या प्रकारचंच हवं. म्हणजे तोही खर्च दुप्पट.

जुन्या गाडीत यात आणखी एक भर असते. काजळी जळते, पण ऑइलमधल्या रसायनांची राख जळत नाही. ती फिल्टरमध्ये साठत जाते आणि दर वर्षी काजळीसाठी जागा कमी उरते. दीड-दोन लाख किलोमीटरनंतर कितीही हायवे चालवला तरी सफाई वारंवार लागते, कारण अडचण आता राखेची झालेली असते. फिल्टर काढून मशीनवर धुऊन घेता येतो आणि बऱ्याचदा त्याने काम भागतं. फिल्टर काढून पाइप जोडून देणारेही भेटतील, पण अनेक देशांत ते बेकायदेशीर आहे आणि काजळी सरळ मागच्या माणसाच्या श्वासात जाते. तो मार्ग मी विचारात घेत नाही.

फिल्टरला दोष देण्याआधी पाहायच्या गोष्टी: फिल्टर किती भरलाय हे दाबावरून ओळखणाऱ्या डिफरन्शियल प्रेशर सेन्सरच्या रबरी नळ्या चिरल्या आहेत का, थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे का, एखादा इंजेक्टर गळतोय का, आणि पुन्हा थर्मोस्टॅट. पेट्रोल गाडीत तो फक्त ॲव्हरेज खातो. डिझेलमध्ये कूलंट पुरेसं तापलं नाही तर सफाई सुरूच होत नाही. सगळं ठीक असेल तर डीपीएफ सांभाळणं अशक्य मुळीच नाही. मला एवढंच पटलं नाही की गाडी कधी बंद करायची हे दर काही दिवसांनी गाडीने ठरवावं, आणि मी ऐकलं नाही की त्याचं बिल मला यावं. तुमचा रोजचा रस्ता वेगळा असेल तर तुम्हाला हे जाणवणारही नाही.

डीपीएफ येण्याआधीच्या डिझेल गाड्यांत ही कटकट नाही. तिथे ईजीआरची काजळी आणि ऑइलची वाफ मिसळून इनटेक मॅनिफोल्डमध्ये (हवा सिलिंडरांकडे नेणाऱ्या नळ्यांत) डांबरासारखा थर बसतो, पिकअप मरतो, आणि मॅनिफोल्ड उतरवून साफ करावं लागतं. बाकी डिझेलची खास कामं दोन्हींत सारखी: इंजेक्टर, टर्बो, ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनाचे धक्के शोषणारं, क्लचजवळचं दोन भागांचं जड चाक). फ्लायव्हील गेलं की न्यूट्रलमध्ये खडखड येते आणि क्लच दाबल्यावर आवाज बदलतो. ते क्लचप्लेटबरोबरच बदलायचं, कारण गिअरबॉक्स दोनदा उतरवण्याची मजुरी वाया जाते. ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारे) जुने असतील तर इंजिन गरम असतानाच आणि सावकाश सोडवावे. थंड हेडमध्ये जोर लावला की तुटून आत राहतात.

पेट्रोलही धुतल्या तांदळासारखं नाही. जुन्या इंजिनात ऑइल खाणं हा मोठा दोष. रात्रभर उभ्या गाडीतून स्टार्ट करताना निळा धूर आला आणि थांबला, तर बहुधा व्हॉल्व्ह सील; ॲक्सिलरेटर दाबल्यावर सतत येत असेल तर रिंगा. सील परवडतात, रिंगांना इंजिन खोलावं लागतं. १,००० किलोमीटरला एक लिटरपर्यंत ऑइल लागणं काही उत्पादक चालण्यासारखं मानतात, पण मी तसं इंजिन घेणार नाही, कारण जळलेलं ऑइल प्लग आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर दोन्ही खराब करतं. डायरेक्ट इंजेक्शन, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणारं, आणि टर्बोवालं पेट्रोल इंजिनही मी टाळतो. त्यात पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवरून जातच नाही, त्यामुळे व्हॉल्व्हवर कार्बन बसत जातो आणि तो खरवडून काढावा लागतो. माझी पसंती पोर्ट इंजेक्शन (पेट्रोल व्हॉल्व्हच्या आधीच सोडणारं), बिनटर्बो, मॅन्युअल गिअरबॉक्स. त्यात वर्षानुवर्षं निघणारं काम म्हणजे प्लग, कॉइल, थ्रॉटल बॉडीची सफाई आणि फार तर ऑक्सिजन सेन्सर. साधे निकेल प्लग ३०,००० ते ४०,००० किलोमीटर जातात, इरिडियम लाखाच्या आसपास. यातलं कुठलंच काम २१३ लिटरच्या जवळपास जात नाही, असा माझा अनुभव आहे.

वर्षाला २०,००० किलोमीटर आणि एका फेरीत किमान अर्धा तास मोकळा रस्ता असेल, तर बचत ४२७ लिटरवर जाते आणि डीपीएफही खूश राहतो. अशा माणसाने डिझेल घ्यावी, फक्त पैसे देण्याआधी लीक-ऑफ टेस्ट करून घ्यावी. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या काढून सारख्या बाटल्यांत सोडतात आणि इंजिन काही मिनिटं आयडलवर चालवतात. चार बाटल्यांत डिझेल साधारण सारखं जमलं तर ठीक. एखादीत दुप्पट दिसलं तर तो इंजेक्टर आतून झिजलाय. इंजेक्टरच्या बुडाशी काळा कडक थर आणि चुक-चुक असा आवाज असेल तर तांब्याचा वॉशर गळतोय. हे लवकर पकडलं तर स्वस्तात सुटतं, उशीर झाला तर हेडमधली बैठकच खराब होते.

दोन्ही गाड्या थंड इंजिनावरच पाहायच्या. गेल्यावर आधी बॉनेटला हात लावा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी येतो म्हणून सांगा. थंड स्टार्टला टायमिंग चेन दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त खडखडली, तर पेट्रोल असो वा डिझेल, चेनचं एस्टिमेट घेऊन ते लिटरमध्ये बदला आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करायला सांगा.