लिनक्स मिंट, सात महिन्यांनंतर: लॅपटॉप पळतोय, पण फोटोंच्या तारखांनी रडवलं

परवा धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, आईचे शेवटच्या गौरीतले फोटो पाठव, वर्षश्राद्धाच्या आधी फ्रेम करून घेते." लॅपटॉप उघडला, फोल्डर तारखेनुसार लावलं, तर चार हजार फोटोंवर एकच तारीख: 2 नोव्हेंबर 2025. म्हणजे आईच्या आणि बाबांच्या फोनवरून मी ते केबलने उतरवले, तो दिवस. पोटात गोळाच आला.

लॅपटॉप 2016 चा, सहाव्या पिढीचा आय-थ्री, 4 जीबी रॅम. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला आणि विंडोज 11 ला, थोडे अपवाद सोडले तर, आठव्या पिढीच्या खालचा इंटेल प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाही. दुकानदार म्हणाला, नवा घ्या. चांगली चालणारी वस्तू फेकायला माझं मन होईना. दोन हजारांच्या आत एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, बसवून घेतली आणि त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकली, 22.2 ची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. पहिल्या दिवशी वायफाय दिसेना. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला दिलं, त्या नेटवर मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरने ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपचा ड्रायव्हर आणला, विषय संपला. प्रिंटर, मराठी टायपिंग, बँकेची कामं यांत सात महिन्यांत एकदाही अडले नाही. अपडेट 2029 पर्यंत मिळणार आहेत.

पण फोटो! फोन जोडला की आधी फक्त चार्जिंग होतं. दर वेळी नोटिफिकेशन खाली ओढून 'फाइल ट्रान्सफर' निवडायचं. मग कॅमेऱ्याचं फोल्डर उघडायलाच काही मिनिटं जातात. तेही चाललं असतं. पण थुनारमधून, म्हणजे मिंटच्या फाइल मॅनेजरमधून, फोनवरचं कॉपी केलं की फाइलची मूळ तारीख जाते आणि आजची बसते, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. नावाप्रमाणे लावावं तर आईच्या फोनची नावं आकड्यांनी सुरू होतात, बाबांच्या फोनची 'आयएमजी'ने, जुन्या कॅमेऱ्याची 'डीएससी'ने. एकाच दिवसाचे फोटो तीन ठिकाणी. त्या रात्री मिंट काढून टाकायचंच ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका फोटोवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघितल्या. इमेजच्या टॅबमध्ये फोटो काढल्याची तारीख जशीच्या तशी! फोटोच्या आतली ही नोंद, एक्झिफ म्हणतात ती, कॉपी करताना पुसली जात नाही. पुसली गेली होती ती फक्त फाइलच्या बाहेरची. माझा निम्मा राग तिथेच उतरला.

मग जेहेड नावाचं छोटं साधन बसवलं. आधी फोल्डरची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवली. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, जेहेड, पुढे वजा चिन्ह लावून एफटी, पुढे फाइली, की आतली तारीख फाइलवर चढते. काम फक्त जेपेगवर होतं, आमच्याकडे सगळे तेच. चहा उकळेपर्यंत चार हजार फोटो रांगेत लागले. 11 सप्टेंबर 2024, गौरीजेवणाचा दिवस. आई हिरव्या इरकलीत, हातात वरणाचा वाडगा, कॅमेऱ्याकडे न बघता कुणाला तरी "अजून घे" म्हणतेय.

आता केबलने साधं कॉपी करणं मी बंद केलंय. फोनमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन्स उघडायचे, यूएसबी डीबगिंग चालू करायचं आणि टर्मिनलमधून एडीबी या फोनशी बोलणाऱ्या साधनाने फाइली ओढून घ्यायच्या, त्या 'पुल' आज्ञेला वजा चिन्ह लावून ए जोडायचं. फोनमधली तारीख टिकते. काम झालं की डीबगिंग बंद करायचं, हे विसरू नका. तरीही माझं म्हणणं कायम आहे: घरातल्या माणसाला हे सगळं करावं लागू नये. थुनारने तारीख सांभाळायलाच हवी. एवढ्यासाठी मी एक तारा कमी देतेय.

मिंट मात्र ठेवतेय. राहिला मामांच्या फोनमधला एक फोटो, आई नि ते दोघंच असलेला. व्हॉट्सअ‍ॅपवरून आला तेव्हा आतली नोंद गेली आणि तो बारीकही झाला. मामांना फोन करून सांगितलं, फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी येईल. "उद्या नातवाला बसवतो," म्हणालेत.