२९९ रुपयांचं सेल्फ डिफेन्स किचेन आणि माझा व्हर्नियर

पोरगी पुण्यात नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ड्युटी सुटायला कधी कधी रात्रीचे नऊ वाजतात आणि बस स्टॉपपासून खोलीपर्यंतचा निम्मा रस्ता अंधाराचा. म्हणून ऑनलाइन ‘सेव्हन इन वन लेडीज सेल्फ डिफेन्स किचेन’ मागवलं, म्हणजे स्वसंरक्षणाच्या वस्तू लटकवलेली किल्ल्यांची कडी. २९९ रुपये, घरपोच. सात वस्तू म्हणजे धातूचा दांडा, मांजराच्या तोंडाचं प्लॅस्टिक, पिन ओढली की बोंबलणारा अलार्म, शिट्टी, लिपस्टिकची पिशवी, मनगटाचा पट्टा आणि केसाळ गोंडा. गोंड्यानं संरक्षण कसं करायचं ते बॉक्सवर लिहिलेलं नाही.

मी कोल्हापुरात उद्यमनगरात पंचवीस वर्षं लेथवर आहे. वस्तू हातात आली की आधी व्हर्नियर (बारीक माप घेणारी मोजपट्टी) लावायचा ही खोड. पोरीला पाठवायच्या आधी सगळं दुकानात नेलं.

आधी दांडा. जाहिरातीत त्याला ‘कुबोटान’ म्हटलंय. हे नाव जपानी कराटे मास्तर ताकायुकी कुबोटा यांचं. अमेरिकेत स्थायिक झाल्यावर १९७० च्या दशकात त्यांनी लॉस एंजेलिस पोलिसांतल्या बायकांना हा दांडा वापरायला शिकवलं, आणि नावाचा ट्रेडमार्कही त्यांचाच. मूळ वस्तू अगदी साधी आहे : साधारण १४ सेंटिमीटर लांब, दीड सेंटिमीटर जाड, कडक पॉलिकार्बोनेटचा भरीव दांडा, त्यावर सहा गोल खाचा, एका टोकाला किल्ल्यांची कडी. दोन्ही टोकं बोथट. धार नाही, टोक नाही. मुठीत धरायचा आणि हाडावर दाबायचा किंवा मनगट पिरगळायला वापरायचा. खाचा शोभेच्या नाहीत. घामानं हात निसटू नये म्हणून आहेत.

आता आमचा माल. लांबी १३८.४ मिलिमीटर, ती पण टोपणासकट. एका टोकाला व्यास १४.६, दुसऱ्या टोकाला १४.२. एवढा टेपर (निमुळतेपणा) कुणी ठेवून करत नाही, हा मशीनवरच्या माणसाचा आळस. भरीव ॲल्युमिनियमचा एवढा दांडा ६०-६५ ग्रॅम तरी भरायला हवा. आमच्या काट्यावर हा ३१ भरला. लेथच्या चकमध्ये (पकडीत) धरून आडवा कापला तेव्हा कळलं, आत सगळं पोकळ, भिंत जेमतेम दीड मिलिमीटर. खाचा सहा आहेत, मोजून, पण इतक्या उथळ की नखाला सुद्धा लागत नाहीत, आणि वरून गुलाबी रंगाचा असा गुळगुळीत थर की तेल लावलेल्या हातात तो टिकेल तर शपथ. टोपणाला अडीच आटे. किल्ल्या अडकवून पाच-सहा वेळा गरागरा फिरवलं की टोपण किल्ल्यांसकट टेबलाखाली.

आणि टोक! बनवणाऱ्यानं त्याला सेंटर पंचसारखं (धातूवर खूण ठोकायच्या टोचणीसारखं) टोक काढलंय. फोटोत भारी दिसतं म्हणून काढलं असणार. दोन दिवस पर्समध्ये ठेवला तर अस्तराला भोक. मूळ वस्तू बोथट ठेवली त्याला कारण होतं. टोक काढलं की किल्लीचा दांडा हत्यारात जमा होतो. आपल्याकडे शहरांत महाराष्ट्र पोलिस कायद्याच्या कलम ३७ चे, हत्यार घेऊन फिरायला बंदी करणारे, मनाई हुकूम वरचेवर लागतात. नाक्यावर झडती झाली तर पोरीनं काय सांगायचं, लिपस्टिकच्या पिशवीबरोबर फुकट आला?

मांजर. डोळ्यांच्या भोकांत दोन बोटं घालायची आणि कान पुढं काढून ठोसा मारायचा. शेजारच्या फाउंड्रीतून वाळूचं पोतं आणलं आणि हातमोजा घालून मीच मारला. पहिल्या ठोशाला काही नाही. दुसऱ्याला डावा कान उडाला आणि प्लॅस्टिक उलटं येऊन माझ्याच बोटाच्या सांध्यावर बसलं. बोट संध्याकाळपर्यंत वाकेना. भोकाच्या आतल्या कडा घासलेल्याच नाहीत, मोल्डची शीर तशीच. साताऱ्याच्या संग्रहालयात २०२४ साली लंडनहून वाघनखं आली तेव्हा आम्ही रांग लावून बघून आलो होतो. त्यात दोन्ही बाजूंच्या कड्यांत बोटं जातात आणि आडवी पट्टी तळहातात बसते, म्हणजे जोर सगळ्या हातावर येतो. जुन्या लोहाराला जे कळलं ते या मोल्डवाल्याला कळू नये. इथं सगळा जोर दोन बोटांच्या हाडांवर.

शिट्टी बरी आहे. गोंड्याचे केस पहिल्याच दिवशी डब्यातल्या आमटीत गेले.

अलार्मकडून मला काहीच अपेक्षा नव्हती. बॉक्सवर १४० डेसिबल छापलंय, ते सोडून द्या. पण दुपारी जेवणाच्या सुट्टीत पिन ओढली आणि गल्लीतली सहा दुकानं बाहेर आली. पॉवर प्रेसच्या आवाजात आयुष्य गेलेली माणसं ती, सहजासहजी मान वर करत नाहीत. एक जण तर मेन स्विच बंद करायला धावला. पिन परत घालेपर्यंत थांबत नाही हे महत्त्वाचं, नाहीतर हिसकावून घेणारा बटण दाबून गप्प करेल. आत तीन बटण सेल आहेत, ते स्क्रू काढून बदलता येतात. खोट एकच, पिनेची दोरी फार बारीक. मी ती काढून पतंगाचा नाही, मासेमारीचा दोरा बांधला.

पोरीला फोनवर सगळा अहवाल दिला. ती म्हणाली, “पप्पा, माझ्याकडं पेपर स्प्रे आहे, तुम्ही कशाला एवढं करताय?” स्प्रेला आपल्याकडे लायसन लागत नाही हे बरं, पण बंद जागेत तो मारणाऱ्यालाही सोडत नाही. १३ फेब्रुवारी २०१४ ला लोकसभेत एका खासदारानं उडवला होता, तेव्हा किती जणांना दवाखान्यात न्यावं लागलं ते टीव्हीवर पाहिलेलं आठवतंय. तिला म्हटलं, रिक्षात बसून मारू नकोस.

मग रविवारी बसलो. १६ मिलिमीटरचा ॲल्युमिनियम बार, लेथवर टर्निंग करून १५ वर आणला, सहा खाचा खोल घेतल्या, दोन्ही टोकांना गोल रेडियस, मागं भोक पाडून आत एम-४ चे (चार मिलिमीटरचे) आटे, त्यात कडी अडकवायला डोळ्याचा आय बोल्ट. रंग नाही, नुसतं बफिंग. ५८ ग्रॅम. पाऊण तासाचं काम. आता गल्लीतले तिघे म्हणतात आम्हाला पण कर. एका गिफ्टवाल्यानं दोनशेची ऑर्डर देऊ केली, वर म्हणाला, ‘कुबोटान’ असं लेझरनं कोरून द्या. म्हणजे फिरून मीही नकली माल करणाराच की. दांडे करून देतो म्हटलं, नाव कोरणार नाही. तो गेला तो परत आला नाही.

पोरीनं काय ठेवलं? पट्ट्याला अलार्म आणि शिट्टी. माझा दांडा किल्ल्यांना जड होतो म्हणून खोलीत खिडकीच्या अडसराला लावलाय, तिथं तो चपखल बसला म्हणते.

तुम्हाला घ्यायचं असेल तर नुसता अलार्म घ्या, सुटा मिळतो. घरी आल्या आल्या एकदा उघड्यावर वाजवून बघा. मांजराच्या तुटलेल्या कानाचा फोटो मी विकणाऱ्याला पाठवला होता आणि पैसे परत मागितले होते. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं : “सर, प्रॉडक्ट नाजूक आहे, कृपया जोरात मारू नये.”